बोरसे बाई आणि फुकटची विद्या

सर्व सुजाण नागरिकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, जगातली सगळी विद्या आता फुकट झालेली आहे. ज्यांनी अजूनही अज्ञानी राहण्याचा बेत सोडलेला नाही, त्यांनी तो आजच्या आज सोडावा. यापुढे कोणतीही सबब ऐकून घेतली जाणार नाही.

ही घोषणा आमच्या घरात माझ्या मुलीने केली, हातात फोन धरून, मी वरणभात कालवत असताना. समुद्रापलीकडच्या बड्याबड्या विद्यापीठांचे वर्ग म्हणे आता फोनवर बसल्या जागी मिळतात. फी नाही, प्रवेशपरीक्षा नाही, वयाची अट नाही. मी हात धुतले आणि तडक खगोलशास्त्राला नाव घातलं. पहिल्या आठवड्यात मी सूर्याला वळसा घालून आलो. दुसऱ्या आठवड्यात मंगळाच्या अलीकडे मला झोप लागली. त्यानंतर मी पृथ्वीवरच आहे. महिन्याभराने विद्यापीठाचा गोड निरोप आला, ‘आम्हाला तुमची आठवण येते. आपल्या सोयीने कधीही परत या.’

आपल्या सोयीने! ते वाचलं आणि मला बोरसे बाई आठवल्या. मी खुर्चीत उगाचच सावरून बसलो.

नव्वदच्या दशकात माझी पहिली नेमणूक सुरतेत झाली. बँकेची शाखा पर्वत पाटिया या भागात होती आणि शाखेमागच्या गल्लीत बोरसे बाईंच्या घरावरची खोली मला भाड्याने मिळाली. बाई मूळच्या खानदेशातल्या, सुरतेच्या मराठी शाळेत विज्ञान शिकवायच्या. अंगाने किरकोळ, आवाजाने प्रचंड. नऊवारी नव्हे, साधी सुती पाचवारी, पण पदर असा खोचलेला की कुठल्याही क्षणी कुस्ती सुरू होईल. त्यांना मी शांत बसलेलं पाहिलेलं नाही. दूधवाला, नळाचं पाणी, गुजरातीतली वीजबिलं, मराठीतली पाठ्यपुस्तकं, सगळ्यांवर त्यांचा राग होता आणि सगळ्यांवर तो सारखाच ताजा असायचा. त्यांचे यजमान बोरसेभाऊ एका कापड गिरणीत कारकून होते. ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले, “घाबरू नका हो. ज्याच्यावर रागावत नाही, त्याला तिने सोडून दिलं असं समजायचं.” एवढं बोलून ते पुन्हा गप्प झाले, ते बहुधा मी सुरत सोडेपर्यंत.

बाई मला नावाने कधीच हाक मारत नसत. “ए बँक!” असं जिन्याखालून ओरडत, आणि अख्खी बँक धावत खाली जायची.

तर त्या काळात एक सरकारी योजना निघाली होती. शाळाशाळांना टीव्हीचे संच फुकट. रोज दुपारी एक वाजता त्यावर विज्ञानाचे पाठ दाखवणार, तेही फुकट. मोठमोठे प्राध्यापक थेट गरिबाच्या दारात येणार. बाईंच्या शाळेतही एक संच आला. मुख्याध्यापक निकम सरांनी त्याला हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले, आणि संच स्टीलच्या कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं.

“सर, तो बाहेर काढायचा असतो,” बाई म्हणाल्या.

“आणि बिघडला तर? जबाबदार कोण? सरकारी वस्तू आहे, बाई.”

“आतमध्ये तो काय करतोय?”

“सुरक्षित आहे.”

बाई दोन आठवडे धुमसल्या. मग एके दिवशी दुपारी एकच्या ठोक्याला त्यांनी सगळा नववीचा वर्ग उठवला, रांगेने निकम सरांच्या खोलीत नेला आणि कपाटासमोर जमिनीवर बसवला. पोरं बंद कपाटाकडे बघत हाताची घडी घालून बसली. निकम सरांसमोर कुणी पाहुणे चहा पीत होते. पाहुण्यांनी विचारलं, हे काय चाललंय?

“टीव्हीचा पाठ,” बाई गंभीरपणे म्हणाल्या. “आजचा विषय चुंबक. तो आत शिकवतोय, आम्ही बाहेर शिकतोय. मुलांनो, हलू नका, प्राध्यापकसाहेबांना डिस्टर्ब होईल.”

दुसऱ्या दिवशी संच बाहेर आला. किल्ली निकम सरांनी टेबलावर ठेवली नाही, आपटली. बाईंनी ती पदराला बांधली.

पण खरा राग पुढेच होता. टीव्ही चालू झाला आणि कोट घातलेले प्राध्यापक प्रसन्न हसत इंग्रजीत बोलायला लागले. मध्येच थोडं हिंदी, पण ते असं की इंग्रजी सोपं वाटावं. बाईंचं सगळं विज्ञान मराठीतलं. तेव्हा जेवणाच्या सुट्टीत मला पकडून नेण्यात आलं. “ए बँक, तुला इंग्रजी येतं ना? बस इथे. तो काय म्हणतो ते सांग.”

मी सांगू लागलो. प्राध्यापक एक वाक्य बोलले की मी मराठीत एक वाक्य बोलायचो, तोवर ते तिसऱ्यावर पोचलेले असायचे. बाई पडद्याला दरडावत, “हळू! गाडी सुटतेय का तुझी?” प्राध्यापक हसून पुढे जात. मग ते एक वाक्य आलं. मी प्रामाणिकपणे भाषांतर केलं, “हे तर तुम्हा सर्वांना माहीत आहेच.”

“काय म्हणाला?”

“माहीत आहेच, म्हणाले.”

“माहीत असतं तर तुझ्या तोंडाकडे बघत कशाला बसलो असतो रे!” बाई कडाडल्या, उठल्या आणि आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत मागे फिरवून टाकलं. प्राध्यापकांचे ओठ हलत राहिले. पडद्यावर एक सुंदर हृदय धडधडत होतं, निळं आणि लाल. तसं चित्र आमच्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं. बाई क्षणभर त्याच्याकडे बघत राहिल्या. मग हातात पट्टी घेऊन पडद्याशेजारी उभ्या राहिल्या आणि आपल्या आवाजात शिकवायला लागल्या. चित्र प्राध्यापकांचं, भाषा बाईंची. भाषांतरकाराची नोकरी तिथेच गेली, पण मी जेवणाच्या सुट्टीत तिथे जाणं सोडलं नाही. असं नाटक सुरतेत दुसरीकडे कुठे फुकट मिळत नव्हतं.

बातमी वस्तीत पसरली. आमच्या आजूबाजूला यंत्रमागांच्या शेड होत्या आणि त्यात खानदेशातून आलेली माणसं बारा-बारा तासांच्या पाळ्या करायची. रातपाळीवाले दुपारी मोकळे असत. त्यांतले काही झोप सोडून शाळेच्या खिडकीशी उभे राहू लागले, मग आत येऊन बसू लागले. बिनआवाजाच्या टीव्हीचं त्यांना काहीच वाटलं नाही. लूमच्या खडखडाटात माणूस माणसाशी बोलू शकत नाही, तिथे सगळा संसार हातवाऱ्यांवर आणि ओठांवर चालतो. भटू पाटील नावाचा एक कारागीर तर प्राध्यापकांच्या तोंडाकडे टक लावून बसायचा. एकदा त्याने गंभीर तक्रार केली, “बाई, मी समोरच्याचं तोंड बघून सगळं ओळखतो. पण हा माणूस नुसता तोंड हलवतो, कामाचं काहीच बोलत नाही.”

या भटूची बायको सिंधू. इथून पुढची गोष्ट तिची आहे.

सिंधू दहावीला विज्ञानात नापास होऊन लग्न करून सुरतेत आलेली. दोन लहान पोरं, एक खोली, एक सासू. वस्तीत अंगणवाडी निघणार होती आणि तिथे दहावी पास बाई हवी होती. महिन्याचा स्वतःचा पगार, खुर्चीवर बसून, सावलीत. भटूच्या कानांनी लूमवर हळूहळू रजा घ्यायला सुरुवात केली होती आणि किती वर्षं त्याला कामावर ठेवतील याची खात्री नव्हती. सिंधूला ते दिसत होतं. एक विज्ञान तेवढं सुटलं की झालं, असा तिचा हिशेब. ती पोरगी कडेवर घेऊन मागच्या भिंतीला टेकून बसायची आणि बाईंच्या पट्टीचं टोक जिथे जाईल तिथे डोळे न्यायची.

बाई तिच्यावर सगळ्यांत जास्त रागवायच्या. बोरसेभाऊंचं म्हणणं खरं असेल, तर बाईंनी तिच्यावर सगळी इस्टेट लावली होती.

बाईंना वाटलं, जरा मोठ्या माणसांचा वेगळा वर्ग घ्यावा. लूमना आठवड्यात एक दिवस सुट्टी असते, त्या दिवशी सगळे निवांत. ठरलं. त्या दुपारी माणसं आंघोळ करून, केसांना तेल लावून, इस्त्रीचे सदरे घालून शाळेत आली. बाईंनी बटण दाबलं. टीव्ही ढिम्म. पुन्हा दाबलं. मग भटूने हळूच सांगितलं की लूमना सुट्टी असते ती मालक दयाळू असतो म्हणून नव्हे, त्या दिवशी आमच्या भागात वीजच नसते. त्या दिवशी शाळेलाही सुट्टी, आणि घरची वीज गेली की बाई नुसत्या रागावून मोकळ्या व्हायच्या, म्हणून इतकी वर्षं सुरतेत राहून बाईंच्या हे ध्यानात आलं नव्हतं, आणि इतक्या माणसांपैकी कुणी त्यांना सांगितलंही नव्हतं, कारण बाईंना सांगणार कोण?

“वीज असते तेव्हा माणूस मोकळा नाही, माणूस मोकळा असतो तेव्हा वीज नाही!” बाई विजेच्या खांबाकडे बघून ओरडल्या. “आणि म्हणे फुकट! घ्या, कुणाला पाहिजे ते घ्या!”

त्यांनी पाठ दाखवणाऱ्यांना पत्र लिहायचं ठरवलं. त्या बोलत होत्या, मी इंग्रजी करत होतो. पाठ सावकाश घ्या, आमच्या भाषेत घ्या, आणि एकदा झालेला पाठ पुन्हा दाखवा. मी त्यातले जळजळीत शब्द काढून टाकल्यावर पत्र फारच लहान उरलं. दोन महिन्यांनी छापील कार्ड आलं. आमचे कार्यक्रम आपल्याला आवडतात हे वाचून आनंद झाला, असं त्यात लिहिलं होतं. बाईंनी ते कार्ड टीव्हीच्या डगमगणाऱ्या पायाखाली घातलं. पहिल्यांदा संच सरळ उभा राहिला.

पाठ पुन्हा दाखवा, हे बाईंनी का लिहायला लावलं, तेही सांगतो. एकदा वर्गात त्यांनी सिंधूला उभं केलं. “सांग, रक्त शरीरात कसं फिरतं?”

सिंधू धडाधडा सांगू लागली. हृदयातून शुद्ध रक्त निघतं, मोठ्या नळीतून जातं, मग लहान नळ्यांतून, हाताच्या बोटांपर्यंत, पायाच्या बोटांपर्यंत. इतकं बिनचूक की बाईंचा चेहरा जवळजवळ बरा दिसायला लागला.

“मग? परत कसं येतं?”

सिंधूने पोरीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

“अगं, पायाच्या बोटापर्यंत गेलं ना? मग तिथेच राहिलं का?”

“बाई, मले नही माहीत,” सिंधू एकदम घरच्या बोलीत बोलली. “त्या हप्त्याला यांची दिवसपाळी लागली होती.”

मग उलगडा झाला. भटू रातपाळीला असला की दुपारी मोकळा असायचा, पोरग्याला मांडीवर घेऊन तोही वर्गात बसायचा, म्हणून सिंधू येऊ शकायची. तो दिवसपाळीला गेला की दुपारी त्याचा डबा घेऊन तिला शेडवर जावं लागायचं. पाळी बदलायची तशी तिची विद्या चालू-बंद व्हायची. वनस्पतींनी अन्न तयार केलेलं तिला ठाऊक होतं, पण त्याचं पुढे काय झालं ते ठाऊक नव्हतं. पृथ्वी तिच्या हिशेबाने सूर्याभोवती अर्धीच फेरी मारून थांबलेली होती. आणि टीव्ही काही कुणासाठी थांबत नव्हता. गेलेला पाठ गेला.

मला हसू आलं होतं. बाईंकडे बघितलं आणि मी ते गिळलं. त्यांचे डोळे लाल झाले होते. “सगळ्यांना सारखं देतो म्हणतात,” त्या दातांतून म्हणाल्या. “हिच्या हातात अर्धं ठेवायचं आणि सगळं दिलं म्हणून सांगायचं. चोर आहेत!”

त्या संध्याकाळपासून शाळा सुटल्यावर बाई स्वतःच्या ओट्यावर बसू लागल्या. टीव्ही नाही, वीज लागत नाही, पाटी आणि खडू. सिंधूचे बुडालेले पाठ त्या एकेक करून भरून काढत होत्या. रक्त पायाच्या बोटांवरून परत निघालं. पृथ्वीने फेरी पुरी केली.

आणि परीक्षा अगदी तोंडावर आली असताना सिंधू यायची थांबली.

एक दिवस वाट पाहिली, दुसरा दिवस. तिसऱ्या संध्याकाळी बाई उठल्या, पदर खोचला. “ए बँक, चल. तू पुरुषमाणूस दाराशी उभा राहा, नुसता. बोलायचं नाही.” मला बोलायची इच्छाही नव्हती.

सिंधूची सासू दारातच मेथी निवडत बसली होती. वाघीण होती. बाईंना बघून ती हललीसुद्धा नाही. भांडण सुरू झालं ते थेट अहिराणीत, आणि अहिराणीत भांडणाऱ्या दोन बायका म्हणजे मागांची अख्खी शेड चालू झाल्यासारखी.

“आते काय कलेक्टर व्हनार शे का ती?” सासूने विचारलं.

“व्हई! तुन्हं काय जास?”

“पोऱ्हेसले कोन देखी?” पोरांना कोण बघणार, हा तिचा खरा सवाल.

“तू देख! तुले डोया नहीत का?”

गल्ली गोळा झाली. सासू म्हणाली, फुकटचं शिकायला जाते, फुकटच्या गोष्टीला किंमत ती काय? एक दिवस गेली काय आणि न गेली काय. तिथे बाईंचा आवाज एकदम खाली आला. मला तो बदललेला आवाज जास्त भीतीदायक वाटला.

“फुकट?” त्या म्हणाल्या. “ती पहाटे उठून सगळं रांधून येते. पोरीला पाजत पाजत लिहिते. झोपेत ती नाडीचे ठोके मोजते, तुझा मुलगाच सांगत होता. यातलं फुकट काय आहे, मला दाखव. उद्या भटूचे कान गेले आणि मालकाने त्याला काढलं, तर या मेथीवर दिवस काढणार आहेस का? का पोरांना घेऊन गावाला जाशील, जिथून पोट भरेना म्हणून आलीस?”

सासूचे हात मेथीत थांबले. आत अंधारात सिंधू पोरीला मांडीवर घेऊन बसली होती, तिचे नुसते डोळे दिसत होते. मग सासूने मेथीची टोपली बाजूला सरकवली आणि तितक्याच रागाने विचारलं, “च्या लेशी का?”

बाईंनी तितक्याच रागाने चहा घेतला. मलाही मिळाला, उभ्याउभ्या.

दुसऱ्या दिवसापासून सिंधू ओट्यावर हजर. पोरगी सासूच्या कडेवर, आणि सासू थोड्या अंतरावर, आपण ऐकत नाही असं दाखवत.

सिंधू पास झाली. विज्ञानात तर चांगले गुण पडले. निकाल कळला तेव्हा बाईंनी तिला आधी झापलं, की चुंबकाच्या प्रश्नात गुण कुठे गेले. मग आत जाऊन त्या बराच वेळ भांडी घासत बसल्या. घासलेलीच भांडी.

त्यानंतर लवकरच माझी नाशिकला बदली झाली. बाईंना मी शेवटचं पाहिलं ते शाळेतल्या समारंभात. योजनेच्या यशाचा समारंभ होता. वरून एक मोठे साहेब आले होते, पर्वत पाटियाच्या रहदारीत कापडाच्या टेम्पोंमागे अडकून चांगले दीड तास उशिरा. व्यासपीठाच्या मधोमध टीव्ही, त्याला पुन्हा नवा हार. टीव्हीच्या एका बाजूला निकम सर, दुसऱ्या बाजूला साहेब. पहिल्या रांगेत सिंधू, नव्या साडीत, आणि तिच्या शेजारी पोरीला घेऊन सासू. बाईंना कुणी वर बोलावलं नव्हतं. त्या बाजूच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, पदर खोचलेला.

साहेब गुजराती-हिंदीत बोलले. सरकारने ज्ञान फुकट करून टाकलं आहे. एका बटणावर मोठमोठे विद्वान गरिबाच्या घरात आले आहेत. आता शिक्षकांवर अवलंबून राहायची गरजच उरणार नाही. आणि इतकं करूनही जो शिकला नाही, त्याने दोष स्वतःलाच द्यावा.

मी भिंतीकडे बघितलं. बाईंच्या गळ्याच्या शिरा तटतटल्या होत्या. त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. मी मनातल्या मनात म्हटलं, आता टीव्ही फुटतो किंवा साहेब. तेवढ्यात निकम सरांनी घाईघाईने सिंधूला वर बोलावलं. साहेबांनी तिच्या हातात प्रमाणपत्र दिलं, फोटोसाठी तिला टीव्हीजवळ सरकवलं आणि माईक तिच्या तोंडापुढे धरला.

“बोलो बेन, शरमाओ मत,” ते म्हणाले. “ये टीवी नहीं होता तो आपका क्या होता?”

सिंधूने टीव्हीकडे पाहिलं. मग खाली पहिल्या रांगेत पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं, तिथे बाई एक पाय पुढे टाकून तशाच थबकल्या होत्या. पाठ केलेले आभाराचे चार शब्द कुठे तरी गेले होते, आणि माईकमध्ये, सगळ्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात, तिच्या तोंडून निघून गेलं:

“टीव्ही बरा हाये साहेब, पन तो काय माझ्या सासूशी भांडायला आला नसता!”